दैवी दयेचा रविवार मोठा करायचा, पण मधल्या आठ दिवसांचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातली लहान पॅरिश, म्हणजे एक चर्च आणि त्याची माणसं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेला, लोक दाराबाहेर उभे असतात, ईस्टरच्या मिस्सेला, म्हणजे मुख्य उपासनेला, मुंगी शिरायला जागा नसते, आणि सोमवारपासून चर्चमध्ये सिस्टर, चर्चची देखभाल करणारा साक्रिस्तान आणि चार म्हाताऱ्या. म्हणून तरुणांनी ठरवलंय, पुढच्या वर्षी दैवी दयेचा रविवार, म्हणजे ईस्टरनंतरचा पहिला रविवार, दणक्यात करायचा. दयाळू येशूचं मोठं चित्र, ट्रॅक्टरवर सजावट, बँड. जाणती माणसं म्हणतात, हे आमच्या वेळी नव्हतं, कुठून आणलं? फादर म्हणतात, आधी तुमचं एकमत करून या. आणि मराठी, कोंकणी की कन्नड, यावरून दोन बैठका आधीच फिस्कटल्यात.

मी काही धर्मशास्त्राची पंडित नाही. बेळगाव शहरात आणि पुढे खेड्यातल्या पॅरिशमध्ये मिळून एकतीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले, त्यातली बरीच वर्षं लिटर्जी (उपासना) समितीत काढली. पेशा मराठी शाळेतल्या शिक्षिकेचा, म्हणून सगळे 'बाई' म्हणतात. या बाबतीत सगळ्या चुका करून झालेल्या आहेत, तेवढ्या अधिकाराने सांगते.

तुम्ही विचारलंय दयेच्या रविवाराबद्दल, पण तुमची खरी अडचण आठ दिवस आधीची आहे. आपल्याकडे ईस्टर रविवारी दुपारच्या जेवणाला संपतो. सान्ना आणि रस्सा झाला, बेळगावच्या बेकरीतली चॉकलेटची अंडी पोरांनी फोडली, की गोव्याला नोकरीला असलेली मंडळी संध्याकाळची गाडी धरतात. एकदा मी सोमवारच्या मिस्सेला या म्हणून घरोघर सांगत फिरत होते, तेव्हा एका आजीने मला विचारलं, "बाई, ईस्टर झाला की. आता आणि काय?" मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं, आजीचं चुकलेलं नाही. उपवासकाळात आपण माणसांच्या हाताला काम देतो. शुक्रवारी मटण नाही, लग्न नाही, संध्याकाळी क्रूसाची वाट, कपाळाला राख, हातात झावळी. पोरासोरांनाही कळतं की आज काय करायचं. ईस्टरनंतरच्या दिवसांना आपण असं काहीच काम दिलेलं नाही. मग लोक घरी बसले तर नवल काय?

आणि ख्रिस्तसभेचा हिशोब बघाल तर अगदी उलटा आहे. उपवास चाळीस दिवसांचा, सण पन्नास दिवसांचा. पुनरुत्थानाच्या रविवारापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस हा एकच मोठा रविवार मानायचा, अशी जुनी शिकवण आहे. त्यातले पहिले आठ दिवस, म्हणजे ईस्टरचं अष्टक, तर प्रत्येक दिवशी प्रभूच्या महासणाचा मान. सोमवार असो की बुधवार, मिस्सेत 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत म्हटलंच पाहिजे. मिस्सेच्या शेवटी निरोप देताना दोनदा आलेलुया. पास्काची, म्हणजे ईस्टरच्या रात्री पेटवलेली मोठी मेणबत्ती पन्नास दिवस वेदीजवळ. पहिलं वाचन जुन्या करारातून नाही, प्रेषितांच्या कृत्यांमधून. हे सगळं पुस्तकात आहे, फादर ते करतातही, पण बाकावर बसलेल्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

दयेचा रविवार हा या अष्टकाचा आठवा दिवस. तो ईस्टर संपल्यावर येणारा दुसरा सण नव्हे. हे एकदा मनात बसलं की तुमच्या बैठकीतले निम्मे वाद आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे. मिस्सेतली वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, पण त्या दिवशी वाचलं जाणारं शुभवर्तमान अ, ब, क तिन्ही वर्षांत एकच आहे, योहानाच्या विसाव्या अध्यायातली १९ ते ३१ ही वचनं. दारं लावून शिष्य भीतीने आत बसलेत. ती पुनरुत्थानाच्याच दिवसाची संध्याकाळ. येशू मधे येऊन उभा राहतो, हात आणि कूस दाखवतो, त्यांच्यावर फुंकर घालतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार देतो. आठ दिवसांनी पुन्हा येतो, पहिल्या वेळी तिथे नसलेल्या शिष्य थोमासाठी. तुम्ही जे चित्र ट्रॅक्टरवर चढवणार आहात, ते याच गोष्टीच्या शेजारी ठेवून बघा. छातीतून निघालेले दोन किरण, एक फिकट, एक तांबडा. ते योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातलं पाणी आणि रक्त. हातापायांवर खिळ्यांचे वण. म्हणजे चित्रातला येशू हा बंद दारातून आत आलेलाच येशू आहे. आणि ज्या थोमाने त्याला पाहून 'माझ्या प्रभो, माझ्या देवा' म्हटलं, तो पुढे भारतात आला अशी आपली परंपरा आहे. मुलांना हे सांगितलं की ती ताठ बसतात.

आता जाणत्या माणसांच्या शंकेकडे येते. तुमच्यातले कुणी सत्तरीच्या पुढचे म्हणत असतील की 'पूर्वी पाद्री हे चालू देत नव्हते', तर त्यांना खोटं पाडू नका. पोलंडमधल्या सिस्टर फाउस्तिना कोवाल्स्का यांना २२ फेब्रुवारी १९३१ रोजी येशूचं जे दर्शन झालं, त्यावरून १९३४ साली पहिलं चित्र रंगवलं गेलं. फाउस्तिना ५ ऑक्टोबर १९३८ रोजी, तेहतिसाव्या वर्षी, वारल्या. पुढे १९५९ साली रोमने त्यांच्या लिखाणातल्या रूपात ही भक्ती पसरवायला मनाई केली होती, आणि ती उठली थेट १९७८ च्या एप्रिलमध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात क्राकोचे कार्डिनल कारोल वोइतिला पोप झाले. त्यांनीच, म्हणजे पोप दुसरे जॉन पॉल यांनी, ३० एप्रिल २००० रोजी फाउस्तिना यांना संत घोषित केलं आणि ईस्टरनंतरच्या रविवाराला हे नाव दिलं. तेव्हा म्हाताऱ्यांची आठवण खरी आहे आणि तरुणांचा उत्साहही सभेच्या आज्ञेबाहेरचा नाही. दोन्ही बाजूंना हा इतिहास सांगा, आवाज खाली येतो. आणखी एक गोष्ट जरूर सांगा. संतांना झालेली खासगी दर्शनं मानलीच पाहिजेत असं कुणा कॅथलिकावर बंधन नाही. ज्याला फाउस्तिना यांची रोजनिशी वाचायची नाही, तोही हा रविवार पूर्ण मनाने साजरा करू शकतो, कारण त्याला शुभवर्तमान पुरेसं आहे.

आता आमची फजिती ऐका. ज्या वर्षी आम्ही पहिल्यांदा हा रविवार 'मोठा' केला, त्या वर्षी तुमच्यासारखंच सगळं केलं. सहा फुटी चित्र, टेम्पो, फुलं, भोंगा. चित्र वेदीच्या उजवीकडे ठेवलं आणि त्यामागे पास्काची मेणबत्ती पूर्ण झाकली गेली. कुणाच्याही लक्षात आलं नाही, एका पाहुण्या फादरांनी हळूच येऊन मेणबत्ती पुढे सरकवली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी तीनची प्रार्थना धरली, कारण तीन ही येशूच्या मरणाची वेळ, म्हणून दयेची घटका. एप्रिलचं ऊन, पत्र्याचा मांडव, दोन मुली चक्कर येऊन पडल्या. मिरवणूक सुटली आणि वळीव कोसळला. हे सगळं एकवेळ हसण्यावारी नेता येईल. पण त्या दिवशी कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, चाळीसेक माणसं रांगेत उभी होती आणि फादर एकच. मिस्सेची घंटा झाली, फादर उठले, रांग तशीच राहिली. त्या रांगेत एक माणूस होता जो बावीस वर्षांनी कुमसाराला आला होता. त्याने नंतर मला हे सांगितलं म्हणून कळलं. टेम्पो, बँड, जेवण, सगळ्याची जबाबदारी वाटून दिली होती, कुमसाराची कुणाकडेच नव्हती. त्या वर्षानंतर माझा नियम एकच, समितीच्या पहिल्या बैठकीतला पहिला विषय कुमसार. बँड शेवटी, वेळ उरला तर.

कुमसाराची व्यवस्था म्हणजे काय ते सविस्तर सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त अज्ञान असतं. या रविवारी संपूर्ण इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या उरलेल्या शिक्षेची माफी, मिळते असं रोमचं २००२ सालचं फर्मान आहे. नेहमीच्याच अटी: पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि पापाची ओढ मनातून सोडलेली असणं. लोकांना वाटतं की कुमसार त्याच दिवशी झाला पाहिजे, म्हणून सगळे रविवारी सकाळी रांग लावतात. तसं नाही. आधी किंवा नंतर वीसेक दिवसांच्या आत झालेला कुमसार चालतो. म्हणजे पवित्र आठवड्यात ज्याने कुमसार केला, त्याला पुन्हा रांगेत उभं राहायची गरज नाही, मधल्या काळात मोठं पाप घडलं नसेल तर. ही एक गोष्ट आम्ही झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आदल्या रविवारी, जाहीर करायला लागलो आणि रांग निम्म्यावर आली. उरलेल्यांसाठी अष्टकात मंगळवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी एक तास, वाड्यांप्रमाणे. एका संध्याकाळी शेजारच्या पॅरिशच्या फादरांना बोलावतो आणि आमचे फादर त्यांच्याकडे जातात. स्वतःच्या फादरांपुढे बोलायला लाजणारी माणसं खेड्यात खूप असतात, त्या अदलाबदलीच्या संध्याकाळीच ती येतात.

इंडल्जन्ससाठी मोठा कार्यक्रम लागतो हाही गैरसमज. चर्चमध्ये दैवी दयेच्या प्रार्थनेत भाग घ्यावा, किंवा पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे चर्चमध्ये ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादासमोर, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि मतांगीकार (विश्वासाची कबुली) म्हणून दयाळू येशूला उद्देशून एखादी लहान प्रार्थना करावी, एवढंच फर्मान सांगतं. तीनच वाजता, चित्रासमोरच, मिरवणुकीनेच, असं काही नाही. आम्ही प्रार्थना आता संध्याकाळी साडेपाचला घेतो. दयेची माळ नेहमीच्या जपमाळेच्याच मण्यांवर म्हणतात, आठ-दहा मिनिटांत होते. त्याआधी अर्धा तास आराधना, त्यातही पंधरा मिनिटं पूर्ण शांतता. सुरुवातीला लोक शांततेला घाबरतात, खोकतात, पोरं पळतात. तिसऱ्या वर्षी जमतं.

जे घरातून उठू शकत नाहीत त्यांनाही हाच लाभ घरी प्रार्थना करून मिळतो, हे त्याच फर्मानात आहे. म्हणून आमच्याकडे अष्टकातलं मुख्य काम झालं ते आजाऱ्यांची यादी. अंथरुणाला खिळलेले किती, कुठल्या वाडीत, ऐकू येतं का, गिळता येतं का, कुठली भाषा बोलतात. चार तरुण आणि एक सिस्टर मिळून हे लिहून काढतात. मग फादर आणि ख्रिस्तप्रसाद द्यायची परवानगी असलेली मंडळी आठ दिवसांत प्रत्येक घरी जातात. बरोबर ईस्टरच्या रात्री आशीर्वादित केलेलं पाणी आणि दयेच्या चित्राची एक लहान प्रत. आमच्या यादीत पहिल्या वर्षी सतरा नावं निघाली. त्यातल्या पाच जणांबद्दल फादरांना ती माणसं अजून जिवंत आहेत हेच ठाऊक नव्हतं. तुमच्या तरुणांचा जो जोर ट्रॅक्टरवर खर्च होणार आहे, तो इथे लावा असं मी म्हणेन. मिरवणुकीला माझा विरोध नाही, पण या यादीआधी नको.

नोवेनाबद्दल एक बारीक सूचना. दैवी दयेची नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सुरू होते आणि शनिवारी संपते. काही पॅरिशमध्ये शुभ शुक्रवारी क्रूसवंदन झाल्याबरोबर माइकवर नोवेना चालू करतात. मला ते पटत नाही. शुभ शुक्रवार ते ईस्टर हे तीन दिवस उपासनेचे, त्यांच्यावर दुसरं काही चढवू नये. आम्ही पहिले तीन दिवस नोवेना घरोघर म्हणायला सांगतो, त्यासाठी कागद छापून देतो, आणि सोमवारपासून संध्याकाळच्या मिस्सेनंतर चर्चमध्ये घेतो. याने सोमवारचं रिकामं चर्चही थोडं भरतं. दयेच्या रविवारच्या मिस्सेत मात्र काही बदलायचं नसतं. २००० सालच्या फर्मानाने नाव जोडलं, प्रार्थना आणि वाचनं तीच ठेवली. प्रवचनभर फाउस्तिना यांचीच गोष्ट सांगणारे पाहुणे बोलावू नका, थोमा उपाशी राहतो.

अष्टकात कुणी वारलं तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येतोच. अंत्यविधीची मिस्सा अष्टकातल्या सोमवार ते शनिवार करता येते. पुण्यतिथीची खास मिस्सा मात्र या आठ दिवसांत नाही, त्या दिवसाच्या मिस्सेत मयताचं नाव घेता येतं. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, ऐनवेळी सांगितलं की लोक दुखावतात. २०२५ साली हा प्रश्न साऱ्या जगापुढे आला. पोप फ्रान्सिस यांनी २० एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लोकांना आशीर्वाद दिला आणि सोमवारी सकाळी ते गेले. आपल्याकडे बातमी आली तेव्हा दुपारची जेवणं चालू होती. तासाभरात मला तीन फोन, बाई, चर्चमधली फुलं काढायची का? झुंबरं उतरवायची का? मी म्हटलं, काही उतरवू नका. पास्काची मेणबत्ती पेटवा, तिच्याजवळ त्यांचा फोटो ठेवा. पाच दिवस लोक येत राहिले, न बोलावता. शनिवारी २६ तारखेला रोममध्ये त्यांचा अंत्यविधी आणि दुसऱ्या दिवशी दयेचा रविवार. ज्यांना अष्टक म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षं सांगून कळलं नव्हतं, त्यांना त्या आठवड्यात न सांगता कळलं. मयताच्या पेटीजवळ हीच मेणबत्ती का ठेवतात, हे त्यानंतर मला वर्गात समजावून सांगावं लागलं नाही.

आता भाषा. इथे मी जपून लिहिते, कारण सीमाभागात भाषेचा विषय १९५६ पासून जखमेसारखा आहे आणि चर्चच्या दाराशी तो चप्पल काढून आत येत नाही. आपल्याकडे पिढ्यांपूर्वी गोव्यातून आलेली कोंकणी घरं, गावची मराठी घरं, आणि शाळेत कन्नड शिकलेली मुलं एकाच बाकावर बसतात. समिती सगळ्यांना खूश करायला जाते आणि प्रत्येक वाक्य तीन भाषांत म्हणते. मिस्सा दोन तासांची होते आणि कुणाचीच राहत नाही. आमची पद्धत अशी की एक अख्खा भाग एका भाषेला द्यायचा. शुभवर्तमान आणि प्रवचन त्या दिवशी जास्त लोकांना कळते त्या भाषेत. पहिलं वाचन दुसऱ्या भाषेत. विश्वासूंच्या प्रार्थना प्रत्येकाने आपापल्या भाषेत, भाषांतर न करता. स्तोत्र ११८ तिन्ही वर्षी असतं, त्याचं ध्रुपद एकाच भाषेत सगळ्यांनी पाठ करायचं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या भाषेत. वसईकडून येणाऱ्या मराठी पुस्तकांतले 'धर्मग्राम' वगैरे शब्द आपल्या लोकांच्या तोंडात बसत नसतील तर जाहीर सूचनांत खुशाल पॅरिश म्हणा, पण उपासनेच्या प्रार्थना मनाने बदलू नका, मंजूर मजकूरच वाचा.

कुमसाराची भाषा मात्र याहून महत्त्वाची. नवीन फादर दुसऱ्या भागातून आलेले असतात, त्यांची कन्नड उत्तम असते, आणि आमची ऐंशी वर्षांची आजी लहानपणापासून कोंकणीतच पापं सांगत आलेली. ती मग 'काही नाही फादर' म्हणून उठते. शेजारच्या पॅरिशचे फादर बोलावताना कुणाला कुठली भाषा येते हे बघा आणि कोण कुठल्या संध्याकाळी बसणार ते दारावर मोठ्या अक्षरांत लावा. बैठकीत गाण्यांच्या भाषेवर भांडण झालं की मी हा विषय काढते, सगळे गप्प होतात.

उरलेल्या बेचाळीस दिवसांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण माझ्या मते चर्च ओस पडण्यावरचं औषध तिथेच आहे. आणि आपल्याकडे शेताचं वेळापत्रक त्याला अगदी जुळतं. ईस्टरच्या रात्री लोक बाटल्या घेऊन येतात आणि पाणी नेतात, बाटली वर्षभर कपाटात पडून राहते. ते पाणी वापरायला शिकवा. घरांचा वार्षिक आशीर्वाद बऱ्याच ठिकाणी नाताळच्या आसपास करतात, तो ईस्टरकाळात आणता येतो, शाळांना सुटी असल्याने मुलं घरी असतात. आम्ही वाडीवाडीने तीन आठवड्यांत तो पुरा करतो. मे महिन्यात संध्याकाळी क्रूसापाशी जपमाळ आणि लदीन (गाऊन म्हणायची विनवणीची प्रार्थना) तुमच्याकडेही होत असेल, तिथे 'स्वर्गाच्या राणी, आनंद कर' ही पास्काकाळातली प्रार्थना जोडा, दोन मिनिटांचं काम. मे संपता संपता धूळवाफ पेरणी असते. पेन्टेकॉस्टच्या आधीच्या एखाद्या रविवारी लोकांना भाताच्या बियाण्याची मूठ-मूठ फडक्यात बांधून आणायला सांगा, वेदीपुढे ठेवा, फादर आशीर्वाद देतील. पेरणीआधी शेतांसाठी प्रार्थना करण्याची ख्रिस्तसभेची रीत फार जुनी आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी नऊ पुरचुंड्या आल्या, चौथ्या वर्षी टेबल पुरेना, आणि दोन शेजारी हिंदू शेतकऱ्यांनीही आपलं बियाणं आमच्या माणसाबरोबर पाठवलं. लग्नांबद्दल एवढंच: उपवासकाळात तुंबलेली सगळी लग्नं याच दिवसांत येतात, त्यामुळे चर्चचा हॉल आणि गायकवृंद कधी मोकळा आहे ते जानेवारीतच लिहून घ्या.

काय शक्य आहे ते बरंचसं परिस्थितीवर अवलंबून. फादरांकडे एकच चर्च असेल तर वर सांगितलेलं सगळं जमेल. पाच उपकेंद्रं असतील तर पास्काजागरण, म्हणजे ईस्टरच्या रात्रीची उपासना, एकाच ठिकाणी होईल, आणि ते अंधार पडल्यावरच सुरू करायचं असतं. जंगलातल्या वाड्यांच्या लोकांना रात्री नऊनंतर अस्वलाच्या भीतीने परत जाता येत नाही. आम्ही अशांची झोपायची सोय शाळेच्या खोलीत करतो आणि सकाळी पेज देतो. उपकेंद्रांना दयेच्या रविवारी मिस्सा मिळणार नसेल तर अष्टकातला एखादा वार त्यांना द्या. मिरवणूक काढायचीच असेल तर पोलीस परवानगी आधी, आणि बेळगावचा बँड हवा असेल तर पंचांग बघा. आपल्याकडे शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला, ईस्टर उशिरा आला की दोन्ही गाठ पडतात आणि एकही बँड मोकळा नसतो. पुढच्या वर्षी, २०२७ साली, ईस्टर २८ मार्चला आहे, दयेचा रविवार ४ एप्रिलला. एसएसएलसीच्या परीक्षेचं वेळापत्रक हातात आल्याशिवाय दहावीच्या मुलांना कामं वाटू नका, नाहीतर आया तुमच्या समितीला दारात उभं करणार नाहीत.

फादरांकडे जाताना सगळं एकदम घेऊन जाऊ नका. पहिल्या वर्षी तीनच गोष्टी मागा: कुमसाराच्या चार संध्याकाळी, आजाऱ्यांची यादी करायची परवानगी, आणि रविवारी संध्याकाळचा एक तास. चित्र असेल तेवढंच वापरा, फक्त मेणबत्तीच्या मागच्या बाजूला ठेवा. ट्रॅक्टरवाल्या मुलांना यादीच्या कामावर घ्या, गाडी त्यांच्याकडे आहेच, सिस्टरांना वाड्यांवर न्यायला ती लागेल.